अपघात एक, दारं दोन: कामावर गेलेल्या माणसाची भरपाई नेमकी कोणाची?

२२ एप्रिल २००३. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या पाळीसाठी घरातून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना रस्त्यात अपघात झाला आणि तो गेला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी त्याच्या बायकोच्या आणि बाकी वारसांच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला, कारण माणूस अजून कामावर पोचलाच नव्हता. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही कामावरचाच धरता येतो. फक्त वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळला पाहिजे. या एका वाक्यासाठी बावीस वर्षं गेली.

त्यानंतर चार महिन्यांत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. १९२३ चा जुना भरपाई कायदा तिच्यात सामावला गेला आणि येण्याजाण्याच्या वाटेवरच्या अपघाताची ही तरतूद थेट कायद्यात लिहिली गेली.

बातम्यांनी इथपर्यंत सांगितलं. पण वाट कायद्यात आली की वाटेवरची वाहनंही येतात. कारखान्याच्या आवारात माणूस दगावला तर बहुतेक वेळा मालक आणि कामगार हे दोघेच असतात. रस्त्यावर मात्र कुणाचा तरी डंपर असतो, ट्रक असतो, ऊस भरलेला ट्रॅक्टर असतो. म्हणजे एकाच मृत्यूचे पैसे देणं लागणारे दोन निघतात. मग घरात चर्चा सुरू होते. मालकाने भरलेले पैसे घेतले तर ट्रकच्या विम्याचे जातील का? ट्रकवाल्याकडून मिळाले तर मालक म्हणेल का, ‘आमचे परत द्या’? गावातला प्रत्येक शहाणा वेगळं उत्तर देतो.

म्हैस, कडवळ आणि बटईदार

सुरुवात शेतातून करू. तुम्ही एकाची जमीन बटईने करता. शेजाऱ्याची म्हैस रात्री सुटली आणि तुमच्या उभ्या कडवळाचा फडशा पाडून गेली. गुरांना घालायला काही उरलं नाही. जमीनमालक भला आहे. तो म्हणतो, ‘चूक कोणाची ते नंतर बघू, हे दहा हजार घे आणि आधी वैरण आण.’

महिन्याभराने गावकीत ठरतं, म्हशीच्या मालकाने पंचवीस हजार द्यायचे. नुकसान पंचवीसचंच होतं आणि दहा तुम्हाला आधीच मिळालेत. मग तुमचे पंधरा आणि जमीनमालकाचे दहा. तुम्हाला दोनदा मिळत नाही, जमीनमालक बुडत नाही, म्हशीवाल्याला सूटही मिळत नाही.

दुसऱ्याचं देणं आपण आधी चुकतं केलं, तर त्याच्या जागी उभं राहून खऱ्या देणेकऱ्याकडून ते वसूल करण्याच्या या हक्काला कायद्याच्या भाषेत ‘सबरोगेशन’ म्हणतात. यापुढे मी त्याला नुसतं ‘वसुलीचा हक्क’ म्हणेन. गाडीचा विमा वापरलेल्यांना तो ठाऊक असतो: विमा कंपनी तुमची गाडी दुरुस्त करून देते आणि ठोकणाऱ्याच्या मागे स्वतः लागते.

आता दोन गाठी मारू. म्हशीवाल्याकडे दहाच हजार असले तर ते आधी कोणाचे, तुमचे की जमीनमालकाचे? आणि म्हशीने त्याच रात्री तुमच्या बायकोलाही उडवलं, तिचा हात मोडला, म्हशीवाल्याने तिला वेगळे आठ हजार दिले, तर त्या आठ हजारांवर जमीनमालकाला हात टाकता येईल का? त्याने पैसे वैरणीसाठी दिले होते, हातासाठी नव्हते. या दोन गाठींवर जगभरच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झाले आहेत.

पहिलं दार: मालक

इंग्रजांच्या मूळ कायद्याप्रमाणे एखाद्याच्या चुकीने माणूस जखमी झाला तर भरपाई मागता येत असे, पण तो मेला तर मागणी त्याच्याबरोबरच संपे. जखमी माणसापेक्षा मेलेला स्वस्त, असा तो हिशोब. इंग्लंडने तो १८४६ साली मोडला, हिंदुस्थानात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा आला. तरीही वारसांना ‘चूक कोणाची’ हे सिद्ध करावंच लागे, आणि गिरणीतल्या पट्ट्यात सापडून गेलेल्याच्या बायकोने मालकाची चूक कशी सिद्ध करायची?

१९२३ च्या कायद्याने हा प्रश्नच काढून टाकला. कामामुळे आणि कामादरम्यान अपघात झाला ना, मग मालकाने द्यायचं. चूक कोणाची ते विचारायचं नाही. बदल्यात रक्कम ठरावीक सूत्राने, मालकाला परवडेल इतकी.

मृत्यूसाठी ते सूत्र असं: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार तक्त्यातला आकडा. पगार कितीही असला तरी हिशोबासाठी तो जास्तीत जास्त १५,००० धरायचा. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती आणि २०१० पर्यंत तर ४,०००. संहितेतही सूत्राचा सांगाडा हाच आहे.

समजा माणूस ३५ वर्षांचा, पगार १८,०००. तक्त्यातला आकडा १९७.०६. पंधरा हजारांचे निम्मे ७,५००, गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५० रुपये. महिन्याभरात भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि दिरंगाईला कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनीच्या नव्हे, मालकाच्या खिशातून जातो. काही मालक लवकर हलतात त्यामागे हेही एक कारण असतं.

एक अपवाद इथेच सांगतो. ज्याचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हप्ता कापला जातो, त्याच्या घरच्यांना हे दार बंद असतं. त्यांना ईएसआयकडून दरमहा रक्कम मिळते. त्या योजनेचे नियम निराळे, त्यात आज शिरत नाही.

दुसरं दार: ज्याने उडवलं तो

दुसरा रस्ता मोटार वाहन कायद्याचा. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, पैसे बहुतेक वेळा ट्रकच्या विमा कंपनीकडून. पगाराला मर्यादा नाही, मात्र समोरच्याची चूक दाखवावी लागते.

तोच माणूस घेऊ. वय ३५, पगार १८,०००, कंत्राटी नोकरी, घरी बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे २,१६,०००. चाळिशीच्या आत असल्याने पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (कायम नोकरी असती तर ५०): ३,०२,४००. तो स्वतःवर एक चतुर्थांश खर्च करत होता असं धरून तेवढे वजा: २,२६,८००. पस्तिशीचा गुणक १६. एकूण ३६,२८,८००. शिवाय अंत्यविधीचा खर्च आणि ‘सहवासाची हानी’, म्हणजे नवरा, बाप, मुलगा गमावल्याबद्दल वेगळी रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती ४०,००० ठरवली आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढवायला सांगितलं. २०१८ मध्ये बायकोबरोबर मुलं आणि आईवडील यांनाही ती लागू केली.

एका दाराशी पावणेपंधरा लाख, दुसऱ्याशी सव्वाछत्तीसहून अधिक. मग पहिल्या दाराशी जायचंच कशाला? कारण दुसरं दार नेहमी उघडं नसतं. माणसाची मोटारसायकल स्वतःच घसरून झाडावर आदळली असेल तर चूक कोणाची दाखवणार? ट्रक उडवून पळाला आणि नंबर मिळालाच नाही, तर सरकारी निधीतून मृत्यूला दोन लाख मिळतात. चूक सिद्ध न करता मागायचं असेल तर वाहन कायद्यातच पाच लाखांची ठोक रक्कम आहे. या तिन्ही प्रसंगांत, अपघात कामाशी जोडता येत असेल, तर मालकाचं दार कितीतरी मोठं.

दोन्ही दारं का नाहीत?

वाहन कायद्याच्या कलम १६७ मध्ये साफ लिहिलं आहे: एकाच मृत्यूसाठी दोन्ही कायद्यांखाली हक्क असला तर कोणत्याही एका खाली मागा, दोन्हीखाली नाही. एकदा आयुक्तांकडे अर्ज करून भरपाई मिळवली की ट्रकवाल्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाता येत नाही. भारतीय कायद्याने दुहेरी वसुली टाळण्यासाठी कात्री पैशाला नव्हे, वाटेलाच लावली आहे.

माझ्या मते ही कात्री गरिबाला जास्त लागते. नवरा गेल्यावर पहिल्या आठवड्यात जो माणूस दाराशी कागद घेऊन येतो, त्याच्या कागदावर अंगठा उमटतो. निवड करायला आधी दोन रस्ते आहेत हे कळायला हवं ना!

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल महत्त्वाचा. कर्नाटकातल्या एका बंदर संस्थेचा कर्मचारी रस्ते अपघातात गेला. मालक संस्थेने कोणी न मागता, आपणहून, कायद्यानुसार सव्वातीन लाखांहून थोडी अधिक रक्कम आयुक्तांकडे भरली. बायकोने ती उचलली आणि वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणातही दावा लावला. तिथे अकरा लाखांहून अधिक मंजूर झाले. कंपनी म्हणाली, बाईंनी आधीच एक दार निवडलं आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. निवड म्हणजे स्वतः अर्ज करणं. मालकाने आपणहून भरलेली रक्कम घेणं ही निवड होत नाही. फक्त आधी मिळालेले सव्वातीन लाख अकरा लाखांतून वजा करायचे.

आपलं कडवळ आठवा. जमीनमालकाने आपणहून दिलेले दहा हजार घेतले म्हणून म्हशीवाला सुटत नाही.

मग मालकाचे पैसे कोण देणार?

वरच्या निकालात रक्कम वजा झाली ती बायकोच्या पदरातून. पण म्हणजे दोषी वाहनाच्या कंपनीला तेवढी सूट मिळाली का? मालकाने भरले म्हणून ट्रकवाल्याचे वाचले, हा न्याय कुठला?

इथे जुन्या कायद्याचं कलम १३ येतं. शंभर वर्षं ते जवळजवळ कोपऱ्यात पडून आहे, आणि संहितेतही ते आणलं गेलं आहे. ज्या इजेची भरपाई मालकाने दिली, ती कुणा त्रयस्थाच्या चुकीने झाली असेल आणि तो त्रयस्थ कायद्याने देणं लागत असेल, तर मालकाला त्याच्याकडून भरून घेता येतं. कलमाचा मथळाच त्रयस्थाविरुद्ध मालकाचे उपाय असा आहे.

यातले तीन शब्द नीट बघा. ‘दिली’: आधी भरपाई द्यायची, मग हक्क. द्यायच्या आधीच ‘ट्रकवाल्याकडे जा’ असं सांगून मालक मोकळा होत नाही. ‘भरून’: जेवढे दिले तेवढेच, त्यावर नफा नाही. आणि ‘त्रयस्थ’. त्रयस्थ म्हणजे ट्रकवाला, शेजारच्या कंत्राटदाराची क्रेन, सदोष बॉयलर बनवणारा. गेलेल्या माणसाची बायको त्रयस्थ नाही. वसुलीच्या हक्काचं तोंड ट्रककडे आहे, घराकडे नाही.

प्रत्यक्षात मालक हा दावा क्वचित लावतात. कारण साधं आहे. मालकाने आपल्या जबाबदारीचा विमा काढलेला असतो, पैसे विमा कंपनीने भरलेले असतात, आणि समोर उभी असते ती बहुधा दुसरी विमा कंपनी. त्या दोघींत काय चालायचं ते चालतं, तुमच्यापर्यंत त्याची झळ येऊ नये इतकंच.

‘साहेब म्हणतात, तिकडचे मिळाले की आमचे परत करा’

असं लिहून घेतलेलं पत्र कुणी पुढे केलं, तर जुन्या भरपाई कायद्याचं कलम ९ आठवावं. भरपाईची रक्कम गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तिच्यावर जप्ती येत नाही आणि तिच्यातून कोणतंही येणं वळतं करून घेता येत नाही.

हा शेवटचा तुकडा ऊसतोडीच्या फडात फार मोलाचा. मुकादमाकडून जोडप्याने हंगामाआधी उचल घेतलेली असते. अर्धी फिटायच्या आत नवरा ट्रॅक्टरखाली गेला, तर ‘उचल वजा करून उरलेले देतो’ हा व्यवहार कायद्यात बसत नाही. उचलीचा वाद असेल तर तो वेगळा लढावा. मुळात मृत्यूच्या प्रकरणात मालकाने पैसे थेट घरच्यांच्या हातात देणं हीच भरपाई धरली जात नाही. ते आयुक्तांकडे जमा व्हावे लागतात आणि वाटणी आयुक्त करतात. मालकाला तातडीची मदत म्हणून फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम देता येते, ती पुढे वजा होते. पाच लाखांचा चेक, चार पंच आणि ‘आता काही मागणं नाही’ असा स्टॅम्पपेपर, हे दृश्य आपल्याकडे सर्रास दिसतं. त्या स्टॅम्पपेपरने हक्क संपत नाही. कामगाराने भरपाई सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे.

पण मान्य करू: आधी म्हटल्याप्रमाणे मालकाची रक्कम न्यायाधिकरणाच्या रकमेतून वजा होऊ शकते. तिथे कुटुंबाला एकूण कमी मिळत नाही. ३६ लाखांचं नुकसान असेल तर दोन्ही मिळून ३६ लाखच, फक्त दोन हातांनी.

एलआयसी, प्रॉव्हिडंट फंड आणि दुसरं लग्न

विमा कंपन्यांचे वकील इथेच थांबत नाहीत. ‘बाईंना एलआयसीचे मिळाले, फंड मिळाला, पेन्शन सुरू झालं, तेही वजा करा.’ याचं उत्तर १९९८ मध्येच मिळालं, आणि त्या खटल्यात समोर होतं आपलं एसटी महामंडळ. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, विम्याचे हप्ते गेलेल्या माणसाने भरले, ती त्याची बचत. तो अपघाताने गेला काय आणि म्हातारपणी गेला काय, ती रक्कम मिळणारच होती. अपघाताशी तिचा संबंध नाही, म्हणून ती वजा होत नाही. फंड आणि पेन्शनलाही पुढे हेच लागू झालं.

मग काय वजा होतं? जे त्याच मृत्यूमुळे, त्याच पगाराच्या जागी मिळतं ते. हरयाणा सरकार आपल्या मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला काही वर्षं त्याचा पगारच चालू ठेवतं. तेवढ्या पगाराचं नुकसान झालंच नाही, म्हणून ती रक्कम वजा करायला २०१६ मध्ये सांगितलं गेलं. कसोटी एकच: हे पैसे त्याच खड्ड्यात पडतात का?

दुसरं लग्न हा आणखी एक हुकमी आक्षेप. २०१० मध्ये मुंबई-पुणे रस्त्यावर अपघातात गेलेल्या एका माणसाची बायको तेव्हा अवघी १९ वर्षांची होती. पुढे तिने लग्न केलं. विमा कंपनी म्हणाली, आता पहिल्या नवऱ्याची भरपाई कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे फेटाळलं. भरपाई मिळवायला तिने आयुष्यभर विधवा राहावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही. नवरा गेला त्या दिवशी ती त्याची बायको होती, एवढं पुरे.

अमेरिकेत मात्र मालक थेट ताटातून घेतो

नात्यातलं कुणी तिकडे असेल तर हा भाग वाचा, कारण आपल्याकडचं ज्ञान तिथे उलटं पडतं. तिथे कामगार भरपाई राज्याराज्याची वेगळी. विस्कॉन्सिनचा कायदा १९११ चा. टेक्सासात तर बहुतेक खासगी मालकांना या योजनेत राहणं सक्तीचंच नाही.

तिथे दोन दारांतून निवडावं लागत नाही. मालकाकडून भरपाई घ्या आणि त्रयस्थावर दावाही करा. पण त्रयस्थाकडून आलेल्या रकमेवर मालकाचा, म्हणजे बहुधा त्याच्या विमा कंपनीचा, वसुलीचा हक्क बसतो. अनेक राज्यांत वकिलाची फी वगळून पहिला घास मालकाचा. आपली पहिली गाठ तिथे अशी सुटते: दहाच हजार आले तर आधी जमीनमालक.

मग बायकोच्या मोडलेल्या हाताचं काय? पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ मध्ये हाच प्रश्न आला. नवरा कामावर जखमी झाला होता. त्रयस्थाविरुद्धच्या दाव्यात बायकोला स्वतःला, सहवासाची हानी म्हणून, वेगळी रक्कम मिळाली होती. मालकाने तीवरही हक्क सांगितला. न्यायालय म्हणालं, नाही. मालकाने भरपाई दिली ती नवऱ्याच्या इजेसाठी. बायकोचं दुःख त्याने भरून दिलेलं नाही, त्यामुळे तिच्या रकमेत तो तिच्या जागी उभा राहू शकत नाही. इलिनॉयमध्येही न्यायालयाने असंच ठरवलं होतं. म्हणूनच तिकडचे वकील तडजोडीत कोणती रक्कम कोणाच्या नावे आणि कशाबद्दल, यावर इतकी घासाघीस करतात. एकाच आकड्यात सगळं बांधलं की मालकाचा हात सगळ्यावर पडतो.

याहून गुंतागुंतीचं प्रकरण १९९७ चं. मिसिसिपीतल्या पॅस्कगूला इथे इंगल्स नावाचा जहाजबांधणीचा कारखाना. तिथे काम केलेल्या एकाला ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा आजार जडला. त्याने ॲस्बेस्टॉस बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले आणि काहींशी तडजोड केली. तडजोडीच्या कागदांवर कंपन्यांनी बायकोचीही सही घेतली, की नवरा उद्या गेला तरी ती पुन्हा मागणार नाही. १९८६ मध्ये तो गेला. तिने मालकाकडे मृत्यूची भरपाई मागितली. बंदर आणि गोदी कामगारांच्या केंद्रीय कायद्यात अट आहे की भरपाईचा हक्क असलेल्याने मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्रयस्थाशी तडजोड केली तर हक्क जातो. मालकाने तीच अट पुढे केली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं ते कालगणनेवर. सही केली त्या दिवशी नवरा जिवंत होता. विधवेचा हक्क नवरा गेल्यावर जन्मतो, तेव्हा त्या दिवशी तिला संमती मागण्याचं कारण नव्हतं. हक्क शाबूत राहिला. ती सही नवऱ्याच्या मृत्यूनंतर झाली असती तर निकाल बहुधा उलटा लागला असता.

काही राहिलेले आक्षेप

‘तो दारू प्यायलेला होता.’ जखमी कामगाराच्या बाबतीत हा बचाव चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मालकाच्या दाराशी तो चालत नाही, कायद्यातच तसं आहे. ट्रकविरुद्धच्या दाव्यात मात्र त्याची स्वतःची चूक मोजली जाते आणि रक्कम घटू शकते.

‘माणूस ठेकेदाराचा, आमचा नाही.’ मुख्य मालकाच्याच कामासाठी ठेकेदाराने माणसं लावली असतील तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. त्याने ती देऊन मग ठेकेदाराकडून वसूल करावी. पुन्हा तोच वसुलीचा हक्क, आतल्या आत फिरवलेला.

‘बायको कामावर होती, गेली, नवरा मागे राहिला.’ इथे जुना कायदा चमत्कारिक आहे. विधवेला अवलंबून होती का हे विचारत नाहीत, विधुराला विचारतात. तिच्या कमाईवर निदान काही अंशी तरी तो जगत होता, हे त्याला दाखवावं लागतं. ऊसतोडीत कोयता दोघांचा, उचल दोघांच्या नावाची, तिथे हे दाखवायला कठीण नाही. पण विचारलं जातं, हे ठाऊक हवं.

‘अपघात २०२३ चा, संहिता २०२५ ची, मग कोणता कायदा?’ अपघाताच्या दिवशी जो लागू होता तो.

सही करायच्या आधी

मुदती दोन वेगळ्या आहेत. जुन्या कायद्याखाली आयुक्तांकडे जायला मृत्यूपासून दोन वर्षं. मोटार अपघात न्यायाधिकरणात, १ एप्रिल २०२२ पासून, अपघातापासून फक्त सहा महिने. या सहा महिन्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि निकाल लागेपर्यंत मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला, पण त्या भरवशावर राहू नये. म्हणजे मोठ्या रकमेचं दार आधी बंद होऊ शकतं. तेराव्यानंतर, वर्षश्राद्धानंतर बघू म्हणेपर्यंत ते गेलेलं असू शकतं, आणि मग छत्तीस लाखांच्या जागी पंधरावर समाधान मानावं लागतं.

त्यामुळे पहिल्या महिन्यात दोनच कागद हुडकायचे. एफआयआरची प्रत, ज्यात समोरच्या गाडीचा नंबर आणि चूक कोणाची म्हणून लिहिली आहे ते दिसेल. आणि मालकाकडून आलेला प्रत्येक कागद, त्यात मालक आपणहून रक्कम जमा करतोय, की तुमच्या सहीने आयुक्तांकडे भरपाईचा अर्ज जातोय. दुसरा प्रकार असेल तर सही करायच्या आधी तो वकिलाला, किंवा तालुका न्यायालयातल्या मोफत विधी सेवा समितीत, दाखवून घ्यायचा. बाईला तिथे फी लागत नाही.